आणि डॉक्टर म्हणाले...

“हे बघ धाकटे, जे झालं तेवढंच लिहायचं. आणि वाक्य सुरू केलंस ना, की ते संपवायचं. कळलं?”

थोरल्या जाऊबाईंनी हे बजावलं ते दवाखान्याची पिशवी भरता भरता, टॉवेलची चौथी घडी दाबून बसवताना. धाकटीला जरा लागलंच ते. बावीस वर्षं साप्ताहिकात क्रमशः कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला कुणी वाक्य संपवायला शिकवावं? म्हणजे सुतारणीला खिळा दाखवण्यासारखं झालं!

“जाऊबाई, तुम्ही निर्धास्त झोपा. चार ओळींचा मेसेज लिहायचा. अकराशे भाग लिहिलेत मी!”

“तेच तर म्हणतेय,” जाऊबाई म्हणाल्या.

काम खरोखरच एवढंसं होतं. जाऊबाईंच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि ते काढायचे होते. तासाभराचं ऑपरेशन, भीतीचं काही नाही. पण नेमकी त्याच दिवशी त्यांच्या लेकीची मुलाखत होती. चार तासांच्या अंतरावरच्या गावी, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत एक जागा निघाली होती. एकच जागा, तीही चार वर्षांनी. पोरगी तीन वर्षं त्या जागेच्या वाटेकडे डोळे लावून अभ्यास करत होती. तिला घरात सगळे टायपिस्ट म्हणत, कारण काकूच्या किरट्या अक्षरातला प्रत्येक भाग दहावीपासून तीच टाइप करून साप्ताहिकाला पाठवत आली होती.

“काकू, तू मला मिनिटामिनिटाला खरं खरं कळवणार असशील तरच मी जाते,” टायपिस्ट म्हणाली होती.

“अक्षरही खोटं लिहिणार नाही,” धाकटीनं सांगितलं.

आता धाकटी शब्दाची पक्की बाई. देवावर भार टाकून जगणारी, कधी आवाज न चढवणारी. तिचे रोजचे नेम ठरलेले. पहाटे उठून जप. कुणालाही न सांगता एक तरी मदत. आणि अकरा ते बारा मौन. त्या तासात बोलणं नाही, लिहिणं नाही, फोन पिशवीत. नऊ वर्षांत ते मौन मोडलं नव्हतं. ताप आला तेव्हा नाही, शेजारच्या स्वयंपाकघराला आग लागली तेव्हाही नाही. (तेव्हा तिनं बादली नेऊन दिली होती, पण बोलली नव्हती.)

अशा बाईला एक सवय मात्र सुटत नव्हती. सुरुवातीच्या दिवसांत तिच्या संपादकांनी सांगितलं होतं की वाचकाला दारापर्यंत आणायचं, आत घ्यायचं नाही. तेव्हापासून तिचा प्रत्येक भाग दारातच संपायचा. कुणीतरी पत्र उघडायचं, नाहीतर मागे वळून पाहायचं, नाहीतर तोंड उघडायचं, की झालं, क्रमशः! आणि दुसरी सवय अशी की जे कानाला गोड लागत नाही ते ती वाक्यात येऊच देत नसे. तिच्या कादंबऱ्यांतल्या माणसांना अश्रू यायचे, पण सर्दी कधी झाली नाही.

सकाळी सात वाजता धाकटीनं कुटुंबाच्या ग्रुपवर पहिला मेसेज टाकला. ग्रुपात तेवीस माणसं. तिनं लिहिलं :

“आभाळ भरून आलं आहे. खिडकीबाहेर एकही पान हलत नाही. जाऊबाईंनी बोटातली अंगठी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मूठ मिटली. म्हणाल्या, सांभाळ.”

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. सिस्टरनं अंगठी, चष्मा आणि कवळी काढायला सांगितली होती. जाऊबाईंनी तिन्ही वस्तू दिल्या. पण चष्म्यानं लय बिघडत होती आणि कवळी तर त्या आभाळाखाली बसतच नव्हती. शिवाय कवळीची गोष्ट घरात फक्त धाकटीलाच ठाऊक होती. सहा वर्षं जाऊबाईंनी ती नवऱ्यालासुद्धा कळू दिली नव्हती. म्हणून मेसेजात अंगठीच राहिली, आणि कवळी रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी गेली.

साडेनऊला दुसरा मेसेज :

“स्ट्रेचर वळलं. दारापाशी जाऊबाईंनी मला खूण केली. मी जवळ गेले. त्यांचे ओठ हलले. मग दार मिटलं.”

ओठ हलले होते त्याचा अर्थ असा : “गीझर चालू राहिलाय घरी. ह्यांना फोन करून बंद करायला सांग.” तसा फोन धाकटीनं लगेच केलाही. पण लिहिताना गीझर कुठे घालणार? तुम्हीच सांगा!

आता या घराची एक अडचण होती. ग्रुपातल्या तेवीसही माणसांनी बावीस वर्षं तिच्या कादंबऱ्या वाचल्या होत्या. दुसऱ्या कुठल्याही कुटुंबानं हे मेसेज वाचले असते तर म्हटलं असतं, काय ही बाई लांबण लावते. पण या घरच्यांना खुणा पाठ होत्या. धाकटीच्या लिखाणात पान हललं नाही की माणूस आजारी पडतो. कुणी ‘सांभाळ’ म्हणालं की ते दोन भागांच्या वर टिकत नाही. आणि ओठ हलून दार मिटलं, की मग ज्यानं त्यानं समजून घ्यायचं.

सर्वांत आधी समजून घेतलं वन्संनी. वन्सं म्हणजे धाकटीच्या सर्वांत निष्ठावंत वाचक. प्रत्येक अंक जपून ठेवणाऱ्या. त्यांनी थोरल्या भाऊजींना फोन लावला. भाऊजींना दवाखान्याच्या वासानं चक्कर येते म्हणून ते घरीच होते आणि नुकताच गीझर बंद करून खुर्चीत टेकले होते.

“दादा, पान हलत नाहीये म्हणे!”

“वारा नसेल गं.”

“वारा? बावीस वर्षं वाचतेय मी हिला! ऊठ, सदरा घाल!”

इकडे अकराला पाच मिनिटं कमी असताना ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले. व्हरांडा लांब होता. ते चालत धाकटीपर्यंत पोचेस्तोवर तिच्या अंगठ्याला दम निघेना. डॉक्टर चालत होते आणि ही लिहीत होती :

“दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली केला. कपाळावरचा घाम पुसला. माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाले...”

आणि अंगठा ‘पाठवा’वर पडला! तिनं पाडला नाही, तो आपोआप पडला. बावीस वर्षं त्या तीन टिंबांनंतर दुसरं काही करायची त्याला सवयच नव्हती.

डॉक्टर म्हणाले, “सात खडे निघाले. पेशंट एकदम छान आहेत. आणि ती पिशवी जरा दारातून उचला, मघाशी मी अडखळून पडत होतो.”

धाकटीनं हात जोडले. डोळे भरून आले. पिशवी उचलली. आता पुढचं वाक्य लिहावं म्हणून फोन वर केला, तर भिंतीवरचं घड्याळ अकरा दाखवत होतं.

क्षणभर ती घुटमळली. मग तिच्या मनात आलं, तासाभरानं काय बिघडतंय? आपण लोकांना आठवडा आठवडा थांबवतो, कुणी मेलंय का? फोन तिनं पिशवीत टाकला, बाकावर बसली आणि देवाचे आभार मानत डोळे मिटले.

पिशवी थरथरायला लागली. आधी थांबून थांबून, मग सलग, मग अशी की शेजारचा माणूस बाक बदलून बसला. धाकटी जपात होती.

अकरा वाजून वीस मिनिटांनी व्हरांड्यात वन्सं आणि भाऊजी शिरले. वन्संच्या हातात दोन थर्मास, एक उशी आणि घडीची खुर्ची. भाऊजींच्या एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात टायपिस्टची.

समोर काय दिसलं? बाकावर धाकटी. डोळे मिटलेले. हात जोडलेले. गालावरून थेंब ओघळतोय. मांडीवर जाऊबाईंची अंगठी.

“धाकटे!” वन्सं किंचाळल्या. “काय म्हणाले डॉक्टर?”

धाकटीनं डोळे उघडले. प्रसन्न हसली. अकराच्या मौनात ती अशीच हसायची. पण घाबरलेल्या वन्संना मौनाची आठवणच नव्हती, त्यांना ते हसू वेगळंच ओळखीचं वाटलं. गेल्या कादंबरीत सावत्र आईच्या जाण्यानंतर नायिका शेवटी अशीच हसली होती, त्याला ‘दुःखापलीकडचं हसू’ म्हटलं होतं.

“दादा, ती हसतेय!” वन्संनी हंबरडा फोडला.

भाऊजींनी एक श्वास घेतला. त्यात भीती निम्मी होती आणि दवाखान्याचा वास निम्मा. ते जागच्या जागी खाली बसले आणि मग आडवे झाले. सिस्टर धावत आल्या. “हे कोण आता?” म्हणाल्या, आणि दोन माणसांनी भाऊजींना उचलून आत रिकाम्या खाटेवर टाकलं.

धाकटी हातवारे करत होती. सात बोटं दाखवत होती. वन्संना वाटलं, सात वाजता न्यायचं म्हणते. त्यांनी फोन काढला.

“टायपिस्ट? अगं बाळा, तुझी काकू बोलतच नाहीये गं! नुसती बोटं दाखवतेय! तुझे बाबा कोसळलेत! तू निघ!”

‘तू निघ’ हे शब्द कानावर पडले आणि धाकटी ताडकन उठली. मुलाखत! एकच जागा, चार वर्षांनी! घड्याळात अकरा वाजून चोवीस मिनिटं झाली होती. नऊ वर्षं एका बाजूला आणि पोरीची तीन वर्षं दुसऱ्या बाजूला. देवाला सांगायलाही वेळ नव्हता.

“खडे!” धाकटी ओरडली. जन्मात ओरडली नव्हती. व्हरांड्यातल्या कंपाउंडरच्या हातून ट्रे सुटला. “सात! जाऊबाई ठणठणीत आहेत! द्या तो फोन!”

फोनवर टायपिस्ट रडत होती. मागे गाडीचं इंजिन घरघरत होतं.

“काकू, तुझं ‘आणि म्हणाले’ वाचलं, तुझा फोन लागेना, तेव्हाच मी बसमध्ये येऊन बसलेय. तिकडे पाचवा नंबर आत होता, माझा सातवा. मला फक्त सांग.”

“सांगते बाळा. सकाळपासून आभाळ...”

“काकू! एका वाक्यात!”

एका वाक्यात तिनं आयुष्यात काही सांगितलं नव्हतं.

“आई बरी आहे.”

मग पोरगी हळू आवाजात म्हणाली, “मागच्या वर्षी त्या दिवाणजींबद्दल तू हेच लिहिलं होतंस. ‘ते बरे आहेत.’ मीच टाइप केलं होतं. पुढच्या भागात पहिल्या ओळीत गेले ते.”

“ती कादंबरी होती गं!”

“आणि सकाळपासून तू ग्रुपवर काय लिहितेयस? मला आईशी बोलायचंय. नाहीतर मी येतेय. ड्रायव्हर चढलाय.”

धाकटी धावली. मागून वन्सं, खुर्चीसकट. जाऊबाई वॉर्डात तिसऱ्या खाटेवर नुकत्या शुद्धीवर येऊन छताकडे बघत होत्या. धाकटीनं फोन त्यांच्या तोंडाशी धरला. जाऊबाईंना लेकीचा आवाज ऐकून भरून आलं. त्या प्रेमानं म्हणाल्या :

“अगं फोने, फू मुलाखफीला गेलीफ का?”

पलीकडून किंकाळी आली. “काकू! आई असं काय बोलतेय? तिची जीभ लुळी पडलीय! अर्धांग झालंय ना तिला? खरं सांग!”

“नाही गं, काही झालं नाही.”

“मग ती अशी का बोलतेय?”

धाकटीनं जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाईंच्या लक्षात आलं, आणि त्यांनी जोरजोरात मान हलवली. नको! त्या नजरेत सहा वर्षांची मिनतवारी होती. भोवती आठ खाटा, आठ खाटांचे नातेवाईक, वन्सं, आणि समोरच्या खाटेवर नुकतेच डोळे उघडणारे भाऊजी. हे वाक्य टाळण्यासाठी धाकटीकडे बावीस वर्षांचं कौशल्य होतं. ‘ओठांवरची जुनी ओळख हरवली होती’ असं काहीतरी जिभेवर आलंही.

फोनमधून कंडक्टरची शिट्टी ऐकू आली.

“कवळी!” धाकटी म्हणाली. “तुझ्या आईची कवळी माझ्या पिशवीत आहे! वरची! अख्खी!”

वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या.

“कवळी?” भाऊजी म्हणाले. “कुणाची?” आणि पुन्हा आडवे झाले.

धाकटीनं पिशवी खाटेवर उलटी केली. जपमाळ, चष्मा, वही, खडीसाखरेची पुडी, आणि तळातून रुमाल. चौथ्या खाटेवरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी आपला पाण्याचा ग्लास पुढे केला. कवळी बुचकळली आणि जाऊबाईंच्या हातात दिली. जाऊबाईंनी ती बसवली, एकदा दात आवळून पाहिले, आणि फोन स्वतःच्या हातात घेतला.

“कार्टे, तू बसमध्ये काय करतेयस? तीन वर्षं घरात मला टीव्ही लावू दिला नाहीस, आणि आता नंबर सोडून पळतेस? उतर खाली! आत्ता उतर! आणि कपाळावरचे केस मागे घे!”

पलीकडे हुंदका, मग हसू, मग धावत्या पावलांचा आवाज.

“काकू,” टायपिस्ट धापा टाकत म्हणाली, “ही आईच आहे.”

पोरगी पोचली तेव्हा सातवा नंबर पुकारून झाला होता. पण तिथल्या कारकुनानं तिच्याकडे, तिच्या धापेकडे आणि गालांवर उतरलेल्या काजळाकडे बघून नाव शेवटी घातलं. दीड वाजता तिला आत बोलावलं. नोकरी तिला मिळाली. पत्र दोन आठवड्यांनी आलं, पण ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं. उगाच तुम्हाला कशाला टांगून ठेवायचं!

त्या दुपारी मात्र हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन वाजता ग्रुपवर तिचा मेसेज आला : “झाली. बरी गेली.” वन्संनी तो तीनदा वाचला आणि म्हणाल्या, “पुढे?” पुढे काही नव्हतं.

भाऊजी आता बायकोच्या खाटेपाशी स्टुलावर बसले होते. त्यांनी विचारलं, “सहा वर्षं?”

“सहा,” जाऊबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

“मला वाटायचं, तू हल्ली भुईमुगाच्या शेंगा माझ्यासाठी सोडतेस. प्रेमानं.”

“तेही होतं थोडं,” जाऊबाई म्हणाल्या.

धाकटी पायथ्याशी उभी होती. मान खाली. जाऊबाईंनी तिला जवळ बोलावलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्यांनी फोन हातात घेतला आणि सकाळचे तिन्ही मेसेज चष्मा लावून सावकाश वाचले.

“छान लिहिलंयस गं,” त्या म्हणाल्या. “मलासुद्धा वाटलं, मी गेले.”

“चुकलं माझं, जाऊबाई. तासाभरानं काय बिघडतं असं वाटलं मला. वाचणाऱ्याचा तो तास कसा जातो, हे इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. आज व्हरांड्यात पाहिलं.”

“आणि एक. गीझर?”

“बंद केलाय.”

“मग जा, हात धुऊन काहीतरी खा.”

धाकटी वही उचलून निघाली, तेवढ्यात चौथ्या खाटेवरून हलकेच हाक आली. शिवणकामवाल्या बाई उशीला टेकून बसल्या होत्या. साठीच्या, बारीक, बोटांना सुयांचे व्रण.

“बाई, त्या साप्ताहिकातल्या लेखिका तुम्हीच ना? मघाशी गोंधळात तुमच्या नणंदेकडून कळलं मला. दुकानात मशीन चालू असताना नात मोठ्यानं वाचते, मी ऐकते.”

“हो,” धाकटी म्हणाली. एरवी या प्रश्नावर तिची मान ताठ व्हायची. आज झाली नाही.

“ते पिठाच्या गिरणीवाल्याच्या सुनेचं विचारायचं होतं. घरात एकटी असते बघा. दारावर थाप पडते. ती कडी काढते, दार उघडते, समोर उभा असतो... आणि पुढच्या अंकापासून तुम्ही त्या वकिलाच्या घरात गेलात. अकरा आठवडे झाले, बाई. ती पोर दारातच उभी आहे.”

ती सून धाकटीच्या डोक्यातून पार गेली होती.

“चार वाजता मला नेणार आहेत,” बाई म्हणाल्या. हसल्या, पण हातानं चादरीचा काठ चुरगळत होत्या. “माझं जरा मोठं आहे ऑपरेशन. होईल नीट, डॉक्टर चांगले आहेत. पण बेशुद्ध करायच्या आधी तेवढं कळलं असतं तर बरं वाटलं असतं. तिचा नवरा परत आला होता का तो?”

धाकटीनं घड्याळ पाहिलं. अडीच.

“चारच्या आत सांगते,” ती म्हणाली. “शेवटापर्यंत. वाचून दाखवते.”

“क्रमशः नाही ना?”

“नाही.”

वन्सं मागून म्हणाल्या, “धाकटे, मलाही सांग गं! कोण होता?” पण धाकटी वॉर्डाबाहेर पडली होती. व्हरांड्याच्या टोकाला, जिन्याजवळच्या बाकावर ती बसली. फोन बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवला. मांडीवर वही घेतली.

दारात कोण उभा होता, हे तिलाही माहीत नव्हतं. अकरा आठवड्यांपूर्वीही नव्हतं. तिनं डोळे मिटून एकदा हात जोडले, पेनचं टोपण काढलं, आणि बघायला गेली.